दुखते दाढ, दोष कवटीच्या तळाशी

खानापूरकडच्या एका खेड्यातल्या आजी बेळगावात माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा उजव्या गालापासून पदर हातभर लांब धरून बसल्या होत्या. पदराचा काठ गालाला लागला तरी त्यांचा चेहरा आवळायचा. "दाढ न्हवं डॉक्टर, करंट बसतोय बघा. वारं लागलं तरी बसतोय. बसमधी खिडकीकडं बसवंना झालंय." कळ दहा-वीस सेकंद यायची आणि एकदम थांबायची. खाणं म्हणजे पातळ पेज, तीही डाव्या बाजूने. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा आधीच काढलेल्या होत्या. कळ मात्र जिथल्या तिथे होती.

त्या कळेचा माग काढायचा तर गालाच्या आत, जबड्याच्या हाडामागे शिरावं लागतं. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघड-मीट करा. बोटाखाली जी गाठ हलते, तो खालच्या जबड्याचा वरचा सांधा. त्याच्या आतल्या अंगाला, गालफडाच्या हाडाखाली एक पोकळी आहे. चघळण्याचे स्नायू, धमन्या, शिरांचं जाळं आणि चेतातंतू तिथे एकमेकांना घासून राहतात. आपण या सगळ्याला सरसकट 'शीर' किंवा 'नस' म्हणतो, आपले कन्नड शेजारी 'नर' म्हणतात. कामं मात्र तीन वेगळी आहेत. धमनी रक्त आणते, शीर ते परत नेते आणि चेतातंतू रक्त वाहत नाही, निरोप वाहतो. पुढे नस म्हणेन ती हीच, निरोप वाहणारी.

या पोकळीतली मुख्य धमनी म्हणजे मॅक्सिलरी. मानेतून वर येणाऱ्या बाह्य कॅरोटिड धमनीची ही मोठी फांदी. जबड्याच्या सांध्यामागून निघून ती आडवी आत शिरते आणि वाटेत डझनाहून जास्त फांद्या देते. दात, हिरड्या, टाळू, चघळण्याचे स्नायू, नाकाचा खोल भाग, सगळ्यांना रक्त तीच पुरवते. घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा नाकाच्या पुढच्या भागात आणि नाक चिमटीत धरलं की थांबतो. मागून, घशात उतरणारं रक्त थांबत नसेल तर ते बऱ्याचदा याच धमनीच्या शेवटच्या फांदीचं असतं, आणि तिथे घरच्या उपायांवर वेळ घालवू नये.

तिची एक फांदी मला फार आश्चर्याची वाटते. कानाकडे जाणारी एक नस सुरुवातीला दोन पदरांत फुटलेली असते. ही फांदी त्या दोन पदरांमधून, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी वर जाते आणि कवटीच्या तळाच्या एका बारीक छिद्रातून आत शिरून मेंदूच्या आवरणाला रक्त देते. आत गेल्यावर ती कानशिलाच्या हाडाला चिकटून धावते आणि नेमकं तिथलं हाड फार पातळ असतं. दुचाकीवरून पडून कानशिलाला मार बसला आणि ही धमनी फाटली, तर कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, 'बरा आहे' म्हणतो आणि काही तासांत कोसळतो. खानापूर रोडवर हेल्मेट हँडलला अडकवून जाणारी मुलं दिसली की मला ही धमनी आठवते. असा मार बसलेल्याला, तो कितीही बरा दिसला, तरी झोपायला घरी पाठवू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

आता नसेकडे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस म्हणजे ट्रायजेमिनल, तीन फांद्यांची. पहिली डोळा आणि कपाळाकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे. तिसरी कवटीच्या तळाच्या लंबगोल छिद्रातून थेट आपल्या पोकळीत उतरते. तिची एक शाखा जिभेकडे, एक कानापुढच्या कातडीकडे आणि एक खालच्या जबड्याच्या हाडात शिरून दातांच्या मुळांखालून हनुवटीपर्यंत जाते. खालची दाढ किडली की कान ठणकतो तो यामुळेच. कान आणि दाढ यांचे निरोप एकाच दोरीवरून जातात आणि मेंदूला ठिकाण नेमकं कळत नाही.

खालची दाढ काढताना आम्ही सुई टोचतो ती जबड्यात जाणाऱ्या या शाखेच्या तोंडाशी, हाडात शिरण्याआधी. 1884-85 च्या सुमारास अमेरिकेतले शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी कोकेन वापरून ही नस बधिर करून दाखवली. आज कोकेनच्या जागी लिग्नोकेन आहे, जागा तीच. औषध सोडण्याआधी मी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढतो. नसेला लागूनच धमनी असते आणि नळीत लाल धागा दिसला तर सुई रक्तवाहिनीत आहे, ती हलवावी लागते. पेशंटला हा अर्धा सेकंद कळतही नाही.

याच पोकळीत कानाकडून आणखी एक बारीक नस येऊन जिभेच्या नसेला मिळते. जिभेच्या पुढच्या भागाची चव ती नेते आणि वाटेत कानाच्या पडद्याला घासून मध्यकर्णातून जाते. म्हणजे जिभेच्या शेंड्यावर ठेवलेल्या कुंद्याची गोडी कानातून मेंदूकडे पोहोचते. कानाच्या ऑपरेशननंतर काहींना चव बिघडल्यासारखी वाटते ती यामुळे.

आजींची कळ दाढेत जाणवत होती, पण दोष याहून खोल होता. ट्रायजेमिनलचं मूळ मेंदूच्या देठाला जिथे जोडलेलं असतं, तिथे बहुतेक वेळा एक धमनी त्या मुळाला टेकून ठोके देत राहते. वायरवरचं रबर झिजावं तसं नसेवरचं मायलिनचं आवरण झिजतं आणि मग साध्या स्पर्शाचा निरोप विजेच्या झटक्यासारखी कळ होऊन पोहोचतो. हाच ट्रायजेमिनल न्युराल्जिया. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये तो जास्त दिसतो. दातदुखीपासून तो ओळखता येतो. दात ठणकत राहतो, रात्री झोपू देत नाही, गरम-गार लागलं की वाढतो. ही कळ मात्र सेकंदांची, एकाच बाजूची, आणि चूळ भरताना, बोलताना, वाऱ्याने उठणारी. कधी कधी मुळाशी गाठ किंवा दुसरा आजार असतो, म्हणून एमआरआय लागतो.

फिटवरचं कार्बामाझेपिन या कळेवरही चालतं, हे 1962 साली प्रसिद्ध झालं. आजही तेच पहिलं औषध. त्याने गुंगी येते, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, ते मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही. औषध पुरेनासं झालं तर कवटी उघडून धमनी आणि नस यांच्यामध्ये छोटी गादी ठेवतात.

आजींना मी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन महिन्यांनी त्या आल्या, पदर नेहमीसारखा डोक्यावरून गालावर आलेला. भाकरी खाते म्हणाल्या. मग जीभ त्या रिकाम्या जागेवरून फिरवत त्यांनी विचारलं, "मग ह्या दोन दाढा कशापायी काढल्या वं?" त्यातली दुसरी चार वर्षांपूर्वी मीच काढली होती. ती चांगली होती. तसं मी त्यांना सांगितलं.