मेमरी कार्डावरून डिलीट झालेल्या फोटोंची पुनर्प्राप्ती

डिजिटल कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून चुकून डिलीट झालेले, किंवा कार्ड फॉरमॅट झाल्याने दिसेनासे झालेले फोटो परत मिळवण्याची प्रक्रिया. फोटो डिलीट केला की कॅमेरा बहुतेक वेळा फक्त त्याची नोंद रद्द करतो. फोटोचा डेटा त्याच जागी पडून राहतो आणि तिथे दुसरे काही लिहिले गेले तरच नष्ट होतो. हजेरीपटावरचे नाव खोडले म्हणून मुलगा वर्गातून उठून जात नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे फोटो परत मिळणार की नाही हे सॉफ्टवेअरच्या किमतीवर फारसे ठरत नाही. डिलीट झाल्यानंतर त्या कार्डावर काय काय लिहिले गेले, यावर ते ठरते.

नोंद कशी रद्द होते

कॅमेऱ्यांत सर्रास वापरले जाणारे एसडी कार्ड सॅनडिस्क, मात्सुशिता (आजची पॅनासोनिक) आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये मिळून आणले. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर फॅट३२ ही फाइलव्यवस्था (फाइली कुठे आहेत याची नोंद ठेवण्याची पद्धत) असते, त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट. दोन्हींत कार्डाची जागा ‘क्लस्टर’ नावाच्या सारख्या तुकड्यांत विभागलेली असते. क्लस्टर ३२ केबीचा असेल, तर १२ एमबीच्या एका फोटोला ३८४ क्लस्टर लागतात.

फॅट३२ मध्ये अशा फोटोची माहिती दोन ठिकाणी असते. फोल्डरमध्ये ३२ बाइटची एक नोंद असते. तिच्यात नाव, तारीख, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक येतो. पुढचे क्लस्टर कोणते, याची साखळी वेगळ्या तक्त्यात असते. फोटो डिलीट होताना नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा अंक (षोडशमान पद्धतीत ‘ई५’) लिहिला जातो आणि तक्त्यातली साखळी शून्य केली जाते. ‘डीएससी_०४१२’ या फाइलचा ‘डी’ जातो, ‘एससी_०४१२’ शिल्लक राहते. कॅमेऱ्यांतल्या फाइलींची नावे चार अक्षरे आणि चार आकडे अशा ठरलेल्या साच्याची असल्याने गेलेले अक्षर शेजारच्या फाइली पाहून सहज भरता येते.

साखळीचे तसे नाही. फोटो कुठून सुरू होतो आणि किती मोठा आहे हे कळते, पण मधले क्लस्टर कोणते हे कळत नाही. सॉफ्टवेअर ते सलग आहेत असे धरून चालते. फॉरमॅट केलेल्या कार्डावर ओळीने फोटो काढत गेलेले असतील तर हा अंदाज जवळजवळ नेहमी बरोबर ठरतो. मात्र कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत मधलेच नको असलेले फोटो उडवत राहण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने कार्डावर मोकळी भगदाडे पडतात, पुढचे फोटो त्यांत तुकड्यातुकड्यांनी बसतात आणि सलगतेचा अंदाज फसतो. जागा पुरत असेल तर निवड घरी, कॉम्प्युटरवर कॉपी घेतल्यानंतरच करावी, ती यासाठी.

एक्सफॅट या बाबतीत दयाळू आहे. तिथे डिलीट करताना नोंदीच्या प्रकारातला फक्त एक बिट बदलतो. नाव, आकार, पहिला क्लस्टर सगळे तसेच राहते. सलग लिहिलेल्या फाइलीसाठी एक्सफॅट साखळीचा तक्ता वापरतच नाही, त्यामुळे साखळी पुसली जाण्याचा प्रश्नही येत नाही. नुकताच डिलीट झालेला फोटो अशा कार्डावरून बहुधा पूर्ण नावानिशी परत येतो.

नेहमीचे झटपट फॉरमॅटही फोटोंना हात लावत नाही. ते तक्ता आणि सर्वांत वरचा फोल्डर कोरा करते, इतकेच.

नोंदीशिवाय शोध

नोंदीच हाती नसतील तर डेटा पाहूनच फोटो ओळखावा लागतो. या पद्धतीला फाइल कार्व्हिंग म्हणतात. प्रत्येक जेपेग फाइल ‘एफएफ डी८ एफएफ’ या तीन बाइटनी सुरू होते आणि ‘एफएफ डी९’ या दोन बाइटनी संपते. सॉफ्टवेअर कार्ड पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे क्लस्टरहूनही छोटा तुकडा) शेवटपर्यंत वाचत जाते आणि या खुणा शोधते.

यात एक खाच आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या जेपेगमध्ये, एक्झिफ माहितीच्या (फोटोसोबत साठवलेल्या तारीख, वेळ अशा नोंदींच्या) भागात, त्याच फोटोची एक छोटी प्रतिमा दडलेली असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झटकन दाखवायला ती उपयोगी पडते. तीही जेपेगच असते आणि तिलाही स्वतःची सुरुवात व शेवट असतो. पहिली शेवटची खूण दिसली की थांबणारे सॉफ्टवेअर मूळ फोटोऐवजी त्याचा काही केबींचा, उघडतच नाही असा तुकडा हाती देते. चांगले सॉफ्टवेअर म्हणून फाइलची आतली रचना समजून घेत पुढे जाते. अर्थात कधीकधी मूळ फोटो नष्ट झालेला असतो आणि ही टपालाच्या तिकिटाएवढी प्रतिमाच वाचते. घरातल्या गेलेल्या माणसाचा तो शेवटचा फोटो असेल तर तेवढीही सोडू नये.

कार्व्हिंगने मिळालेल्या फाइलींना मूळ नावे नसतात. पण फोटो काढल्याची तारीख आणि वेळ एक्झिफमध्ये असल्याने त्या क्रमाने लावून घेता येतात. निकॉनचे एनईएफ किंवा कॅननचे सीआर२ यांसारखे रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) टिफ या चित्रफाइलीच्या साच्यावर बेतलेले असतात. त्यांच्या सुरुवातीच्या खुणा वेगळ्या, पद्धत तीच.

ही पद्धत गुन्हे तपासातून पुढे आली. अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागात तयार झालेले ‘फोरमोस्ट’ हे तिचे सुरुवातीचे साधन. सर्वसामान्यांसाठी सर्वांत उपयोगी ठरले ते क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचे ‘फोटोरेक’. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स अशा तिन्हींवर चालते. दिसायला रुक्ष आहे, पण पैसे मागणारे कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी ते चालवून पाहावे. तुकड्यांत विखुरलेले फोटो जुळवण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. आनंदब्रत पाल आणि नासिर मेमन यांनी फोटोच्या एका तुकड्याची कड दुसऱ्याशी किती जुळते हे मोजून तो सोडवण्यावर काम केले आहे.

कार्ड हाताळताना

चूक लक्षात येताच कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढावे. एसडी कार्डाच्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते, ती खाली सरकवावी. ही पट्टी कार्डाच्या आतल्या चिपला जोडलेली नसते. ती पाहून लिहायचे थांबायचे काम कार्ड रीडरचे (कार्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या साधनाचे) आहे, त्यामुळे तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. तरी ती सरकवणे आवश्यकच, कारण विंडोज आणि मॅक दोन्ही प्रणाली कार्ड लावताच त्यावर स्वतःचे छुपे फोल्डर तयार करू शकतात. ‘कार्ड फॉरमॅट करायचे का?’ किंवा ‘दुरुस्त करायचे का?’ असे विचारले गेले तर नाही म्हणावे.

कॅमेराच केबलने जोडून उपयोग होत नाही. बहुतेक कॅमेरे तशा जोडणीत फक्त शिल्लक फोटोंची यादी दाखवतात, कार्डाचे सेक्टर उघडे करत नाहीत. कार्ड रीडरच हवा.

त्यानंतर संपूर्ण कार्डाची सेक्टरशः प्रत, म्हणजे इमेज, कॉम्प्युटरवर घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. वाचताना अडखळणाऱ्या कार्डासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन चांगले. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि मग अवघड भागाकडे वळते. परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर साठवणे ही घातक चूक, कारण प्रत्येक वाचवलेला फोटो तिथे न वाचवलेल्या दुसऱ्या फोटोवर लिहिला जाऊ शकतो. लग्नात अक्षता पडतानाचा क्षण पुन्हा टिपता येत नाही. तो फोटो गेला असेल तर स्टुडिओतल्या घाईपेक्षा या इमेजला दिलेला अर्धा-पाऊण तास मोलाचा आहे.

जिथे उपाय चालत नाही

फोटोच्या शेवटच्या भागावर नवे काही लिहिले गेले असेल, तर वरचा भाग नीट दिसतो आणि खाली राखाडी पट्टा किंवा भलतेच रंग येतात. जेपेगमधला डेटा क्रमाने उलगडावा लागतो, म्हणून मध्ये खंड पडला की पुढचे सगळे बिघडते. संपूर्ण फोटोवर लेखन झाले असेल तर सॉफ्टवेअरने काहीच होत नाही.

एसडी कार्डाला ठरावीक भाग रिकामा करण्याची आज्ञाही देता येते. फॉरमॅट करताना ती दिली गेली असेल तर सॉफ्टवेअरला कार्डाच्या जागी कोरी पाटी दिसते. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ हा पर्याय असतो. त्याने कार्डाचे सर्व सेक्टर पुसले जातात.

कार्ड तुटले किंवा त्याचा कंट्रोलर (कार्डावरचे वाचन-लेखन सांभाळणारी चिप) जळाला तर काम सॉफ्टवेअरच्या हातून जाते. मोठ्या आकाराच्या कार्डातली मेमरी चिप अनेकदा सोडवून थेट वाचता येते. मायक्रोएसडीत चिप आणि कंट्रोलर एकाच ठोकळ्यात असतात. तिथे वरचा थर खरवडून आतल्या बारीक संपर्कबिंदूंना केसासारख्या तारा डकवाव्या लागतात. त्यातून मिळालेला डेटाही कंट्रोलरने आपल्या पद्धतीने मिसळलेला असतो, तो पुन्हा उलगडावा लागतो. हे महागडे, प्रयोगशाळेतले काम आहे.

पुरावा आणि खासगीपणा

पोलीस तपासात जप्त झालेल्या कार्डाचीही आधी इमेजच घेतली जाते आणि तिचे हॅश मूल्य (सगळ्या डेटावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवले जाते, म्हणजे नंतर एक बिट जरी बदलला तरी कळते. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

जुने कार्ड विकताना किंवा कोणाला देताना हीच विद्या उलटी लागू होते. झटपट फॉरमॅट केलेल्या कार्डावरून घरचे फोटो कोणीही अनोळखी माणूस फोटोरेकने काढू शकतो. एसडी असोसिएशनच्या मोफत फॉरमॅटरमध्ये ‘ओव्हरराइट’ हा पर्याय आहे. त्याला वेळ लागतो, पण कार्ड देण्याआधी तोच वापरावा.