संदर्भनिर्देश व संदर्भसूची (वैज्ञानिक शोधनिबंधातील)

संदर्भनिर्देश व संदर्भसूची : शोधनिबंधातील एखादे विधान, पद्धत किंवा आकडा कोणत्या पूर्वप्रसिद्ध लेखनातून घेतला हे मजकुरात जागच्या जागी खुणेने दाखवणे म्हणजे संदर्भनिर्देश. त्या खुणांचा पूर्ण तपशील देणारी निबंधाच्या शेवटची यादी म्हणजे संदर्भसूची. प्रयोगशाळांत ‘सायटेशन’ आणि ‘रेफरन्सेस’ हेच शब्द रूढ आहेत. वाचलेल्या पण मजकुरात न आलेल्या पुस्तकांनाही जागा देणारी ग्रंथसूची वेगळी. विज्ञान नियतकालिके ती सहसा स्वीकारत नाहीत. मजकुरातील प्रत्येक खुणेला सूचीत एक नोंद आणि सूचीतील प्रत्येक नोंदीला मजकुरात निदान एक खूण, हा मूळ नियम सर्व शैलींना समान आहे.

शैलींची दोन मुख्य कुळे आहेत. लेखक-वर्ष पद्धतीत कंसात आडनाव व वर्ष येते आणि सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लागते. क्रमांक पद्धतीत कंसातील किंवा ओळीवर चढवलेला अंक येतो आणि सूची प्रथमोल्लेखाच्या क्रमाने लागते.

लेखक-वर्ष पद्धतीला ‘हार्वर्ड’ हे नाव कसे पडले याविषयी मतभेद आहेत. एका समजुतीनुसार, हार्वर्डच्या ग्रंथालयातील पद्धत पाहून प्रभावित झालेल्या एका इंग्रज पाहुण्याने मायदेशी परतल्यावर हे नाव रूढ केले. या पाहुण्याचे नाव मात्र कोठे मिळत नाही. दुसऱ्या मतानुसार पद्धतीचा उगम हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात आहे. हा निबंध बिनशंखाच्या एका गोगलगायीच्या अंड्यांची परिपक्वता, फलन व विदलन यांवर आहे. त्यात लेखक व वर्ष कंसात दिले असून खुलाशासाठी तळटीप जोडली आहे. एली चर्निन यांनी १९८८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील टिपणात हा पुरावा मांडला. मार्क यांच्या विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये त्यांना अर्पण केलेल्या ग्रंथातही त्याच निबंधाला सोयीस्कर व एकसारख्या संदर्भनिर्देशाचे श्रेय दिलेले आढळते. छापील पुरावा हाती असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मार्क यांनी ही युक्ती स्वतः योजली की हार्वर्डमधील प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ग्रंथालयातील सूचीकरणावरून घेतली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ‘हार्वर्ड शैली’ असे कोणतेही एक अधिकृत नियमपुस्तक नाही. नियतकालिकागणिक विरामचिन्हे बदलतात.

क्रमांक पद्धतीतील व्हँकुव्हर शैलीचा उगम निश्चित आहे. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि १९७९ मध्ये त्यांच्या एकसमान अटी प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे होते. लेखाची नोंद अशी बसते : आडनाव आद्याक्षरे. शीर्षक. नियतकालिकाचे संक्षिप्त नाव. वर्ष;खंड(अंक):पृष्ठे. अर्धविरामानंतर व अपूर्णविरामानंतर जागा सोडत नाहीत. सहापर्यंत लेखक पूर्ण देतात. त्याहून अधिक असल्यास पहिल्या सहांनंतर ‘व इतर’ या अर्थाचा ‘एट अल’ हा लॅटिन संक्षेप येतो. तक्त्यातच येणाऱ्या संदर्भाला तो तक्ता मजकुरात प्रथम उल्लेखला त्या ठिकाणचा क्रमांक मिळतो. हा बारकावा सुटला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मानसशास्त्रातून पसरलेल्या एपीए (अमेरिकन मानसशास्त्रीय संघटना) शैलीच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत लेखक सूचीत पूर्ण द्यावे लागतात. अभियांत्रिकीत आयट्रिपलई (विद्युत व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांची संस्था) शैलीचे चौकटी कंस प्रचलित आहेत.

नियतकालिकांच्या नावांचा संक्षेप मनाने करायचा नसतो. आयएसओ ४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसारची शब्दयादी आयएसएसएनचे (नियतकालिकांना ओळख-क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेचे) आंतरराष्ट्रीय केंद्र राखते. एकशब्दी नाव (उदा., ‘नेचर’) संक्षिप्त होत नाही. संक्षेपापुढील टिंब वैद्यकीय शैलीत गाळले जाते, रसायनशास्त्रात बहुधा राहते.

संस्थांच्या बदललेल्या नावांनी नागपुरातील संदर्भांत विशेष घोळ होतो. आजची ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. १९२३ च्या नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये जोडले गेले. नियम असा की मुखपृष्ठावर छापलेले नाव तसेच ठेवायचे. १९७० च्या अहवालावर ‘नीरी’ लिहिले तर ग्रंथालयाच्या सूचीत तो सापडत नाही. हवे तर आजचे नाव चौकटी कंसात जोडावे. प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात असल्यास तेथील स्थायी दुवा द्यावा, शोधनिकालाच्या पानाचा नव्हे.

व्यक्तिनावांतही अडचण आहे. महाराष्ट्रात गुणपत्रिका व कार्यालयीन कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. तोच क्रम निबंध पाठवण्याच्या अर्जात उतरला की संगणक शेवटचा शब्द आडनाव मानतो आणि लेखक कायमचा वडिलांच्या नावाने सूचित होतो. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांचे निबंध दोन नावांखाली विखुरतात. यावर २०१२ पासून मिळणारा सोळा स्थानांचा ऑर्किड हा संशोधकाचा ओळख-क्रमांक बराचसा उपाय ठरला आहे.

इंग्रजी नियतकालिकात मराठी लेखनाचा निर्देश करताना शीर्षकाचे रोमन लिप्यंतर, चौकटी कंसात भाषांतर आणि शेवटी भाषेचा उल्लेख, असा प्रघात आहे. जुन्या पुस्तकावर केवळ शके असल्यास ७८ मिळवावेत. प्रकाशन जानेवारीपासून शके वर्षाच्या अखेरीपर्यंतचे, म्हणजे साधारण पौष ते फाल्गुनातले असेल तर ७९.

हल्ली सूची झोटेरो, मेंडेले, एंडनोट यांसारख्या संदर्भ साठवणाऱ्या आज्ञावलींनी किंवा लाटेक्स या टंकजुळणी प्रणालीसोबतच्या बिबटेक्सने तयार होते. त्या विरामचिन्हे अचूक लावतात, पण चुकीची माहितीही तितक्याच सुबकपणे छापतात. गूगल स्कॉलरवरून उतरवलेल्या नोंदीत अंक क्रमांक गहाळ असणे किंवा शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत येणे नेहमीचे. शीर्षक साध्या वाक्याप्रमाणे साठवावे. त्यावरून प्रत्येक शब्दाचे मोठे आद्याक्षर आज्ञावली करू शकते, उलट विश्वासाने करता येत नाही. संस्था लेखक असेल तर नावाचा एकसंध रकाना निवडावा (बिबटेक्समध्ये दुहेरी महिरपी कंस), नाहीतर ‘इन्स्टिट्यूट’ हे आडनाव होऊन बाकी शब्दांची आद्याक्षरे उरतात. सहलेखकांनी एकाच फाईलवर वेगवेगळ्या आज्ञावली वापरल्यास क्रमांकांचे दोन संच तयार होतात आणि ते हाताने जुळवावे लागतात.

डीओआय (निबंधाचा स्थायी डिजिटल ओळख-क्रमांक) ‘१०.’ने सुरू होतो व पूर्ण दुव्याच्या रूपात देतात. त्यापुढे पूर्णविराम ठेवू नये, तो दुव्यात मिसळतो. खाजगी पत्रव्यवहार सूचीत न घालता, संबंधिताच्या लेखी परवानगीने मजकुरातच नोंदवतात. ‘छपाईत’ हा शेरा फक्त स्वीकृत निबंधाला लागतो. पूर्वप्रत (परीक्षणापूर्वी प्रसिद्ध केलेला मसुदा) असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

पाठवण्यापूर्वी मूळ फाईल जपून तिच्या प्रतीतील, खुणांना आज्ञावलीशी जोडणारे जिवंत दुवे तोडावेत, कारण तोडलेले दुवे पुन्हा जुळत नाहीत. मग सूची कागदावर घेऊन एकेका खुणेपुढे ‘बरोबर’ची निशाणी करत तपासावी. ताजे नियतकालिक-नियम लेखकांसाठीच्या सूचनांपेक्षा गेल्या महिन्यात छापलेल्या निबंधात अधिक खरे दिसतात. प्रत्येक डीओआय उघडून पाहताना त्या पानावर निबंध मागे घेतल्याची सूचना आहे का, हेही त्याच वेळी कळते.