बुळकांडी ते लम्पी: साथीआधीच्या तयारीची गोष्ट

गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगाची लस पुण्यातल्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेत बनवण्याचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला. तोवर राज्यात हजारो गाई-बैल दगावले होते. साथ पुढे आणि तयारी मागे, हे काही पहिल्यांदा घडत नव्हते.

गुरांच्या साथींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला १८७१ साली, आणि त्यानंतरची सरकारी प्रयोगशाळा उघडली १८८९ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजात. मधे अठरा वर्षे गेली. आल्फ्रेड लिंगार्ड तिथले पहिले सरकारी जंतुशास्त्रज्ञ. पण पुण्याचा उन्हाळा जंतूंच्या कामाला सोसेना, शिवाय असले संसर्गजन्य काम भरवस्तीत करणे धोक्याचेच होते. म्हणून १८९३ मध्ये सारा पसारा कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलला. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. पुण्याच्या वाट्याला त्यातली जेमतेम चार वर्षे आली.

तेव्हाचा मुख्य वैरी बुळकांडी. जुलाबांनी जनावर काही दिवसांत आडवे व्हायचे आणि सगळा गोठा रिकामा व्हायचा. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि तिथे बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिसला पशुआरोग्याची जागतिक संघटना जन्मली. साथ आली की शेजारी देशांना कळवायचे, ही शिस्त तिथून पक्की होत गेली.

मुक्तेश्वरला एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने १९२७ च्या सुमारास बोकडांमधून विषाणू पुढे पुढे नेत, गुरांसाठी तो सौम्य करून लस तयार केली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. साथी घटल्या, पण रोग संपला नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात धुमसत राहिला. या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथेच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. नव्वदच्या दशकात धोरण उलटे फिरवले गेले: गावोगाव जाऊन आजारी जनावर शोधायचे आणि टप्प्याटप्प्याने लस चक्क थांबवायची. लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात फरक कळत नव्हता, त्यामुळे टोचणी चालू असेतो विषाणू खरोखर गेला की नुसता दडला, हे ठरवता येत नव्हते. टोचणी थांबवणे हा मोठा जुगार होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९५ चा. २०११ मध्ये जगानेच बुळकांडी संपल्याचे जाहीर केले. देवीनंतर माणसाने पूर्णपणे संपवलेला हा दुसराच रोग.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आधीच उभी होती, म्हणून निदान देशातच झाले. परिसरातल्या कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. पुण्यात साथ नव्हती, तरी चिकनच्या दुकानांवर माशा मारायची वेळ आली.

प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवर देशभर लागू होणारा कायदा आला २००९ मध्ये. त्याच्या आधारे सप्टेंबर २०२२ मध्ये सारा महाराष्ट्र लम्पीसाठी नियंत्रित क्षेत्र ठरला आणि जनावरांचे बाजार बंद झाले. रोग पसरवतात डास, गोमाश्या, गोचिडी. त्यांना बाजारबंदी काय कळणार? त्यातच गाळप हंगाम तोंडावर, ऊसतोड टोळ्यांचे बैल जिल्हे ओलांडणार. लम्पी १९२९ पासून आफ्रिकेत माहीत होता आणि २०१९ मध्ये ओडिशात पोहोचलाही होता. तरी २०२२ मध्ये हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. ती उपयोगी पडली, हे नशीब.

२००९ च्या याच कायद्याने आजार कळवण्याची पहिली जबाबदारी जनावराच्या मालकावर टाकली आहे. पशुसंवर्धन आयुक्तालय आणि रोगनिदानाची प्रयोगशाळा पुण्यात औंधला असली, तरी साथीची पहिली खबर शिरूर-जुन्नरच्या एखाद्या गोठ्यातून यायची असते. कळवले तर बाजार बंद होतो, जनावर वेगळे बांधावे लागते, शेजारी तोंड फिरवतात. लम्पीत दगावलेल्या दुभत्या गाईला राज्याने ३० हजार रुपये दिले आणि बैलाला २५ हजार. चांगल्या संकरित गाईला बाजारात याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि गाठी दिसल्या की फोन करायचा की आणखी दोन दिवस थांबायचे, हे गोठ्यात उभा असलेला माणूस त्याच हिशेबावर ठरवतो.