रंगाविना काळी खूण

नागपुरात इतवारीच्या भांडे ओळीत स्टीलचा डबा घेतला की दुकानदार विचारतो, "नाव टाकायचं का?" मग मशीनची टोकदार सुई कर्र करत डब्यावर आडनाव खोदते. डब्याला ते चालतं. पाठीतून भूल देण्याच्या सुईला चालत नाही.

या एपिड्युरलच्या सुईवर दर सेंटीमीटरला एक खूण असते. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलातला भूलतज्ज्ञ असो की धंतोलीतल्या छोट्या हॉस्पिटलातला, सुई किती आत गेली हे तो या खुणांवरून सांगतो. खूण खोदली तर खाचेत घाण अडकते आणि पातळ नळी कमजोर होते. रंगवली तर रंग सुटण्याची धास्ती. म्हणून लेझर.

पण कुठला? स्टीलला गंज चढू देत नाही ते त्यातलं क्रोमियम. ते किमान १०.५ टक्के असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप धरतो. नेहमीच्या फायबर लेझरचे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे झटके, नॅनोसेकंदांचे असतात; नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात स्टील चांगलंच तापतं आणि वर काळपट ऑक्साइड चढतो. खूण दिसते झकास. मात्र तापण्याच्या भरात क्रोमियमची वाटणी बिघडते आणि नेमकी खुणेची जागा गंजाला मोकळी होते. संरक्षक थर पुन्हा बसवण्यासाठी नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात बुडवावं, तर खूणच फिकी पडते.

अतिजलद लेझरचा स्पंद काहीशे फेम्टोसेकंद ते काही पिकोसेकंद टिकतो. पिकोसेकंद हा नॅनोसेकंदाचा हजारावा भाग, आणि फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा. ३०० फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा ०.०९ मिलिमीटरच पुढे जातो. ही ऊर्जा आधी धातूतले इलेक्ट्रॉन घेतात, आणि ती अणूंना द्यायला त्यांना काही पिकोसेकंद लागतात. उष्णता खोल मुरायच्या आत वरचा पापुद्रा उडून जातो. याला 'थंड' लेझर म्हणायची पद्धत आहे, ती मला फारशी पटत नाही. उडणारा पापुद्रा हजारो अंशांवर असतो. थंड राहतो तो खालचा धातू. स्पंद एकाच जागी फार भराभर पडले, तर तोही तापतो. म्हणून किरण सतत पुढे सरकवावा लागतो आणि त्याखाली सुई फिरवावी लागते.

मग काळेपणा येतो कुठून? पृष्ठभागाच्या घडणीतून. स्पंदांमुळे तिथे बारीक उंचवटे उठतात, आणि त्यांच्यावर लेझरच्या तरंगलांबीहून थोड्या कमी अंतराच्या पन्हळीसारख्या लहरी. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, लेझर असेल तर हे अंतर एक मायक्रोमीटरच्या आतलं. आत शिरलेला प्रकाश उंचवट्यांमध्ये आपटत राहतो आणि तिथेच शोषला जातो. नुसत्या लहरी उठल्या असत्या, तर सुई इंद्रधनुष्यासारखी चमकली असती. खूण म्हणजे वर चढवलेला थर नसल्यामुळे आम्लात आणि निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या वाफेतही ती टिकते.

असे तीव्र स्पंद निर्माण करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५मध्ये मांडली: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी पुन्हा दाबायचा. २०१८चं भौतिकशास्त्राचं नोबेल आर्थर अ‍ॅश्किन यांच्यासह त्यांना मिळालं.

यंत्र अजून बरंच महाग आहे. इंजेक्शनच्या साध्या सुईसाठी तो खर्च कुणी करणार नाही, आणि करूही नये. तपासणीसाठी शरीरातला बारीक तुकडा काढणाऱ्या बायॉप्सीच्या सुईची गोष्ट वेगळी. तिला खोलीच्या खुणा लागतात, शिवाय ती सोनोग्राफीच्या पडद्यावर नीट दिसावी म्हणून टोकाजवळ ध्वनिलहरी परतवणारे बारीक खळगेही. लेझरची मात्रा बदलली की तेही काम तोच लेझर करू शकतो.