म्हैस म्हणे, चहा ठेव

पोळा भरला होता. आखरावर बैलांच्या रांगा, वर आंब्याच्या पानांचं तोरण, आणि तोरणाखाली झडत्यांना, म्हणजे पोळ्यात ओरडून म्हणायच्या यमकाच्या कवनांना, ऊत आलेला. शेजारचा पाचवीतला पोट्टा पुढं आला, एक हात कानावर ठेवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी
महादेव रडे दोन पैशासाठी
पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी

पुढची ओळ गरिबांसाठी न धावणाऱ्या देवाला चिमटा काढणारी. ती संपते न संपते तोच अख्खं गाव गरजलं, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

माझा पुतण्या पुण्याहून आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रश्न पडतात. "काका, महादेव गरीब आहे हे समजलं. पण खोबऱ्याच्या वाटीचा इथं संबंध काय?" मला सांगता येईना. मी बाजूच्या बुढ्याला विचारलं. त्यानं बैलाच्या पाठीवरून हात न काढता सांगितलं, "संबंध कायचा? वाटीले साठी लागते, साठीले गाठी लागते."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ठेक्याचे आणि यमकाचे बोल अर्थ नसला तरी कानाला का भावतात, यावर मेंदूशास्त्रज्ञांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे लिहिलं, त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यात बसतं. बरंचसं, सगळं नाही.

आधी टाळ्या वाजवून पाहू. वाटी रे, वाटी, खोबऱ्याची, वाटी: चार टाळ्या. महादेव, रडे, दोन पैशा, साठी: चार. पारबतीच्या, लुगड्याले, छप्पन, गाठी: परत चार. अक्षरं मोजली तर हिशोब लागत नाही. 'पारबतीच्या'मध्ये पाच अक्षरं कोंबली आहेत आणि 'रडे'मध्ये दोनच, पण दोन्हींना वेळ सारखाच मिळतो. म्हणणारा पोरगा कुठं घाई करतो, कुठं अक्षर ताणतो, पण टाळी जागची हलू देत नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

आता जरा दूर जाऊ. एडवर्ड लियर नावाचा इंग्रज चित्रकार एका उमरावाच्या वाड्यावर पशुपक्ष्यांची चित्रं काढायला होता. तिथल्या पोरांना हसवायला तो पाच-पाच ओळींची वेडगळ कवनं रचायचा. 1846 साली त्याचं पुस्तक निघालं आणि हा प्रकार घरोघरी पोचला. पुढं त्याला आयर्लंडमधल्या एका शहरावरून लिमरिक हे नाव पडलं. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या ओळीचं यमक एक, मधल्या दोन आखूड ओळींचं वेगळं. साचा मराठीत चालतो का हे पाहायला मी एक जुळवलं. कवी नाही, तेव्हा सांभाळून घ्या:

आर्णीच्या आजीची एक होती म्हैस,
खुर्चीवर चढून म्हणे, 'आजी, खाली बैस.'
आजी म्हणे, 'बाई,
दुधाची हाय घाई.'
म्हैस म्हणे, 'चहा ठेव, जागा कर ऐसपैस.'

टाळ्या मोजा. आर्णीच्या, आजीची, एक होती, म्हैस: चार. दुसरी ओळ चार. मधल्या दोन ओळींना दोन-दोन, म्हणजे मिळून चार. शेवटची चार. ओळी पाच दिसतात, पण कानाला त्या चारच आहेत. लिमरिक ही आपली झडतीच आहे, फक्त तिसरी ओळ मधून मोडलेली. मोडल्यामुळे तिथं यमक दुप्पट वेगानं येतं, ऐकणाऱ्याची धाप वाढते आणि पाचव्या ओळीत सगळं परत ऐसपैस होतं.

इंग्रजी लिमरिकमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथं लांब ओळीत ठोके तीनच असतात. पण मोठ्यानं म्हणताना प्रत्येक लांब ओळीनंतर माणूस नेमका एका ठोक्याएवढा थांबतो. तो चौथा ठोका कागदावर कुठंच नसतो, तरी सगळे तो 'ऐकतात'. (तबल्यातली खाली वेगळी. खालीवर बोल असतो, इथं काहीच नसतं.) आपण मराठीत ती जागा बहुधा अक्षर ताणून भरतो: म्हैऽऽस, बैऽऽस.

नसलेला ठोका ऐकू येतो कसा? मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत जास्त आवडतो, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

2009 साली इश्टव्हान विंकलर आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या, झोपलेल्या बाळांच्या डोक्याला मेंदूतल्या विजेच्या हलक्या लहरी टिपणारे तंतू लावले आणि त्यांना ढोलाचा एक ठेका ऐकवला. मध्येच एखादा ठोका गाळला. बिनमहत्त्वाचा ठोका गाळला तर मेंदूची लहर फारशी बदलली नाही. आवर्तनातला पहिला, जोरकस ठोका गाळला, तेव्हा मात्र लहर ठळकपणे उसळली. म्हणजे जिथं आवाज यायला हवा होता आणि आला नाही, तिथं बाळाचा मेंदू दचकला. ज्याला अजून 'आई' म्हणता येत नाही तो समेची वाट पाहत होता.

(यावरून गर्भसंस्काराच्या शिबिराची जाहिरात करायला कोणी धावू नये. 1986 च्या एका प्रयोगात आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत एक ठरावीक मजकूर रोज मोठ्यानं वाचला, आणि जन्मल्यावर बाळांनी त्याच मजकुराकडं ओढा दाखवला. पण बाळानं ओळखली ती लय आणि नाद. श्लोक वाचा नाहीतर झडती म्हणा, पोटातल्या जिवाला त्यात संस्कार दिसत नाहीत.)

याच्या खोलात 2011 साली सिल्वी नोझारादान यांचा गट गेला. त्यांनी लोकांना सेकंदाला 2.4 ठोके पडणारा एकसुरी आवाज ऐकवला. सगळे ठोके सारखे, कुठं जोर नाही. मेंदूच्या विद्युतलहरींत 2.4 हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) शिखर दिसलं, ते अपेक्षितच होतं. मग सांगितलं, 'दोन-दोनचे गट आहेत असं मनात धरा.' लगेच 1.2 हर्ट्झला दुसरं शिखर उगवलं. 'आता तीन-तीनचे धरा.' 1.2 चं गेलं आणि 0.8 ला आलं, त्याच्या दुपटीला 1.6 लाही आलं. कानात पडणाऱ्या आवाजात या वारंवारता नव्हत्याच. भागाकार मेंदूनं स्वतः केला होता. 2.4 भागिले 2, 2.4 भागिले 3. सोप्या शब्दांत सांगायचं तर लय ध्वनीत फक्त अर्धी असते, उरलेली ऐकणारा घालतो. शिवाय असा ठेका ऐकताना हातपाय हलले नाहीत तरी हालचालींची आखणी करणारे मेंदूचे भाग जागे होतात. झडती ऐकताना म्हाताऱ्यांची बोटं काठीवर नाचतात ती बहुधा त्यामुळंच.

हर्ट्झमध्ये कोणी हरवलं असेल तर त्यांनी आर्णीच्या म्हशीकडं परत यावं.

आता अर्थाचं बघू. 'आईनं भाकरीवर ठेचा वाढला' हे वाक्य सरळ गेलं. 'आईनं भाकरीवर पायमोजा वाढला' म्हटलं की तुम्ही अडखळता. 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी या अडखळण्याची वेळ मोजली. न बसणारा शब्द दिसल्यापासून साधारण 400 सहस्रांश सेकंदांनी मेंदूत एक ऋण, म्हणजे विजेचा दाब उणे बाजूला झुकवणारी, लहर उठते. त्यांनी काही वाक्यांत शेवटचा शब्द अर्थानं बरोबर, पण मोठ्या टायपात छापला. तेव्हाही मेंदू चमकला, पण ती लहर निराळ्या जातीची होती. म्हणजे 400 वाली लहर नुसत्या नवलाची नाही, ती खास अर्थाच्या खटक्याशी बांधलेली आहे. पुढं असंही आढळलं की यमक अपेक्षित असताना ते जुळलं नाही तरी साधारण त्याच सुमाराला अशीच ऋण लहर दिसते.

माझा कयास इथून सुरू होतो. 'खुर्चीवर चढून म्हणे, आजी, खाली...' इथपर्यंत आलात की तुमचा कान 'म्हैस'शी जुळणारं काहीतरी मागतो. डोकं मात्र कुरकुरत असतं, कारण म्हैस खुर्चीवर चढत नाही. आणि 'बैस' येतं. कानाची अपेक्षा शंभर टक्के पुरी झाली, अर्थाची पुरती बोंब, आणि हे दोन्ही एकाच अक्षरावर. नुसती बोंब असती तर ते वेड्याचं बरळणं झालं असतं आणि तुम्ही उठून गेला असता. नुसतं यमक जुळलं असतं तर ते गावच्या वाढदिवसाच्या फलकावरची कविता झालं असतं. एक पाय घट्ट रोवलेला, दुसरा घसरलेला: पोरांना झोक्यावर जे वाटतं ते हेच. 'पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा' यात तर व्यवहाराचं पूर्ण दिवाळं आहे. लाच खोटी निघाली आणि माल दुप्पट मिळाला. तरी आजवर कोणत्या पोरानं तक्रार केलेली ऐकली नाही.

याची एक काळी बाजू आहे. 2000 साली अमेरिकेत लोकांपुढं सुभाषितवजा वाक्यं ठेवली गेली, काही यमकाची आणि काही त्याच अर्थाची पण यमक मोडलेली. यमकाची वाक्यं लोकांना जास्त खरी वाटली. प्रचाराच्या भोंग्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत आहे, आणि मांत्रिकालाही. निंदणाच्या दिवसांत बाईला साप चावला की अजूनही कुठं कुठं आधी मांत्रिक बोलावतात. त्याच्या पुटपुटण्याला अर्थ नसतो, पण ठेका पक्का असतो, म्हणून ते भारदस्त वाटतं. बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कोरडा चावतो, त्यातले वाचलेले त्याच्या खात्यावर जमा होतात. सापाच्या विषाला यमक कळत नाही. तिथं प्रतिविष लागतं, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं.

हे असले बोल टिकतात कसे, त्याला फार जागा देत नाही. आठवणीतून एखादा शब्द निसटला तर त्या जागी बसणारा दुसरा शब्द तेवढ्याच टाळीचा आणि त्याच यमकाचा लागतो. असे शब्द थोडेच असतात, म्हणून जुनाच सापडतो. 'अडम तडम' म्हणणारी पोरं शब्दांचा अर्थ विचारत नाहीत, तरी ते पिढ्यानपिढ्या चालतं. अर्थ असता तर प्रत्येक पिढीनं तो सुधारला असता.

पोळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा मी हे कवन चौथीच्या वर्गात म्हटलं, आणि 'जागा कर'वर मुद्दाम थांबलो. शेवटचा शब्द फळ्यावर नव्हता, मी उच्चारलाही नव्हता. तरी अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, "ऐसपैस!" हसणं ओसरल्यावर खिडकीजवळची एक पोरगी उठून उभी राहिली. चेहरा गंभीर.

"सर, म्हैस खुर्चीवर मावन काय?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात तिच्या मागच्या पोरानं तिच्या वेणीला झटका दिला.

"म्हून त थे जागा मांगून रायली ना!"