‘योग्य व्यक्ती’ म्हणजे कोण? ग्रामपंचायतींवरील प्रशासक नेमणुकीची पार्श्वभूमी

वतनदार पाटलाकडून निवडून आलेल्या सरपंचाकडे गावचा कारभार कसा आला, हे सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने मुलकी (गावचा महसूल वसूल करणाऱ्या) पाटलांचे वंशपरंपरागत पद संपले, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

ग्रामपंचायतीत निवडलेला आणि नेमलेला असे दोघेही असतात. सरपंच गावाने निवडलेला, ग्रामसेवक (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) जिल्हा परिषदेचा, आणि पंचायतीच्या धनादेशावर दोघांच्याही सह्या लागतात. 2020 मध्ये हजारो गावांत यातील सरपंचाची सही थांबली. त्या वर्षी राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींची मुदत संपत होती, करोनामुळे मतदान घेता येत नव्हते आणि राज्यघटनेने पाच वर्षांची कमाल मर्यादा घातलेली असल्याने जुन्या सदस्यांना मुदतवाढही देता येत नव्हती.

तेव्हा जूनमध्ये वटहुकूम काढून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 151 मध्ये दुरुस्ती झाली आणि अशा वेळी ‘योग्य व्यक्ती’ला प्रशासक नेमण्याची तरतूद आली. योग्य कशाने, हे मात्र स्पष्ट झाले नाही. जुलैच्या शासन आदेशाने ही नेमणूक पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने करण्यास सांगितले, तेव्हा या मोघम शब्दाचा खरा अर्थ, म्हणजे पालकमंत्र्यांच्या मर्जीतला माणूस, गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लगेच ओळखला. सरपंचाला पुढच्या निवडणुकीत गावासमोर जावे लागते, अधिकाऱ्याला सेवानियम आणि खातेनिहाय चौकशी लागू असते. मंत्र्याच्या शिफारशीने आलेल्या खासगी व्यक्तीला यांपैकी कोणतेच बंधन नव्हते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या निर्णयाचा सर्वांत गंभीर दोष हाच होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि प्रशासक शक्यतो सरकारी अधिकारीच असावा, असा अंतरिम आदेश झाला. त्यानंतर बहुतेक ठिकाणी विस्तार अधिकाऱ्यांसारखे कर्मचारी नेमले गेले. त्यांच्याकडे मूळ काम होतेच, त्यात गावांची भर पडली. अखेर जानेवारी 2021 मध्ये मतदान झाले.



शहरांत प्रशासकांचा काळ याहून कितीतरी लांबला. मुंबई महापालिकेत मार्च 2022 पासून आयुक्तच प्रशासक होते. जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत अंदाजपत्रक तपासणारी नगरसेवकांची स्थायी समिती नव्हती, त्यांचे सभागृहही नव्हते, आणि आयुक्तांच्या प्रशासनाने तयार केलेले अंदाजपत्रक प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर केले.