शेतातली हवा: आधी पिकासाठी, मग माणसासाठी

शेतातल्या हवेत काय तरंगतं हे पाहण्याची विद्या मुख्यतः पिकांच्या रोगांनी वाढवली. राबणाऱ्याच्या छातीचा विचार बराच मागाहून आला आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

भारतातली सुरुवात तशी जुनी आहे. १८७३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर डी. डी. कनिंगहॅम यांनी कोलकात्यातल्या तुरुंगांच्या आवारातली हवा तपासली. कॉलरा आणि तापाशी तिचा संबंध जोडता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. संबंध सापडला नाही, पण बुरशीचे बीजाणू आणि परागकण भरपूर सापडले. पुढे आग्र्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं, की गव्हाचा तांबेरा डोंगराळ भागात तग धरतो आणि वाऱ्यावर मैदानात उतरतो.

खरी कलाटणी १९५२ ची. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात जे. एम. हर्स्ट यांनी वाऱ्याच्या दिशेला तोंड करणारा, बीजाणू पकडणारा सापळा बनवला. पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो आणि अरुंद फटीमागे चिकट काचपट्टी ताशी २ मिलिमीटर सरकते. त्यामुळे कोणत्या तासाला काय उडत होतं, ते काचेवरच वाचता येऊ लागलं. आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठातले डॉ. एस. टी. टिळक यांनी १९७० मध्ये सहकाऱ्यासोबत स्वतःचं यंत्र जाहीर केलं. त्यात घड्याळावर फिरणारं ड्रम आणि त्यावर पेट्रोलियम जेली लावलेली सेलोफेन पट्टी असते. एक फेरा आठ दिवसांत पुरा होतो, म्हणजे माणूस रोज शेतात गेला नाही तरी चालतं. परवडणारं, इथल्या परिस्थितीला साजेसं असं हे काम होतं. त्याची आठवण आज फार कमी निघते.

माणसाकडे लक्ष गेलं ते बुरसटलेल्या गवतामुळे. १९३२ मध्ये कॅम्पबेल यांनी इंग्लंडमधल्या वेस्टमोरलंडच्या, असं गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांची धाप नोंदवली, पण त्यामागच्या उष्णताप्रिय, म्हणजे तापलेल्या गवतात वाढणाऱ्या, सूक्ष्मजीवांवर बोट ठेवायला १९६३ उजाडलं. उसाच्या चोथ्याच्या धुळीने होणारा असाच आजार १९४१ मध्ये लुइझियानात नोंदला गेला होता. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसांनी तो ठाऊक करून घ्यावा असाच आहे.

बांधावरचं यंत्र मळणीयंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात किती धूळ जाते ते सांगत नाही. त्यासाठी कॉलरला अडकवलेल्या नळीतून हवा ओढणारा, अंगावर बाळगायचा छोटा पंप लागतो. तो १९६० मध्ये ब्रिटनच्या हारवेल अणुकेंद्रातल्या कामगारांसाठी तयार झाला, शेतीसाठी नव्हे. हवेच्या प्रदूषणाच्या मोजणीचं आपलं १९८४ पासूनचं राष्ट्रीय जाळंही शहरं आणि कारखान्यांभोवतीच विणलं गेलं.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. अशा वेळी मोजणीच्या नळीत नुसता फिल्टर पुरत नाही. तो तुषार अडवतो, पण औषधाची वाफ निसटते. म्हणून कॉलरच्या नळीत फिल्टरमागे वाफ शोषणाऱ्या राळेचे दाणे भरतात आणि प्रयोगशाळेत दोन्हींवरचं औषध मोजतात.